उजवा हात

पारोळ्यात भांड्यांच्या दुकानाला लागून माझा दवाखाना.
एकतीस वर्षं पलीकडे पितळ ठोकलं जातंय
आणि अलीकडे मी लिहितोय.
केसपेपर, सर्टिफिकेटं, विम्याचे फॉर्म,
क्षयाच्या पेशंटची सरकारी नोंद,
शाळा बुडवलेल्या पोरांचे ताप.
मधल्या बोटाला घट्टा आहे.
बाकी अंगानं मी फारसे कष्ट केलेले नाहीत.

शटर अर्धं ओढून रात्री अकरापर्यंत
दिवसभराचं उरलेलं लिहायचो.
घरी ताटावर ताट झाकलेलं.

मार्चमध्ये भाचीनं मोबाइल ठेवला
बीपीच्या यंत्राला टेकवून.
"मामा, तू फक्त बोल. हा ऐकतो आणि लिहितो."
लाल ठिपका.
मी प्रत्येकाला विचारतो, चालेल ना?
सासूसोबत आलेली एक मुलगी
ठिपक्याकडे बघून गप्प झाली.
तो ड्रॉवरमध्ये टाकला, सासूला बाहेर बसवलं,
आणि पुन्हा पेन काढलं.
नाही, पेनही नाही काढलं.

पहिल्या आठवड्यात त्यानं
लोटनला सांगितलेला चहा, दोन, साखर कमी,
एका मधुमेहीच्या उपचारात लिहून टाकला.
झेलाबाई म्हणाली, "डाक्टर, माले करमत नही."
त्यानं लिहिलं : कंबरेची तक्रार नाही.
मी खोडलं. तिथं काय लिहावं
ते मलाही सुचेना.
तिचा मुलगा सुरतला गेलाय.
याला रकाना नाही.

तरी साडेआठला शटर पूर्ण खाली येऊ लागलं.

मग धुडकू महाजन आला.
जिनिंगमध्ये गाठी वाहायचा, आता तिथंच वॉचमन.
तीन वर्षं, दर महिन्याला, तोच गुडघा.
"हाई काय शे?"
"ऐकतो. लिहून घेतो."
"मनी बोली समजस का त्याले?"
"कधी समजते. कधी नाही."
"मंग तुमनामायकच शे."
लोटन हसला. मीही.

हसताना माझे हात रिकामे होते.
कुठे ठेवावेत कळेना, मांडीवर ठेवले.
म्हटलं, दारापर्यंत चालून दाखव जरा.
चार पावलं गेला.
वळायला त्याला पाच लागली.
डावा हात झुलत होता.
उजवा नुसता लटकलेला,
कुणीतरी सांभाळायला देऊन विसरून गेलेला.

"हाताला काय झालं?"
"हाताले? काहीच नही. दुखत नही."

यंत्रानं लिहिलं : गुडघेदुखी, जुनी. नवीन तक्रार नाही.
शब्द न् शब्द बरोबर.
तो तेवढंच बोलला होता.
खाली मी एका बोटानं टाइप केलं :
चालताना उजवा हात हलत नाही.
जळगावला मेंदूच्या डॉक्टरकडे.
फार वेळ लागला. अक्षरं सापडत नव्हती.

तो गेल्यावर कपाटातून त्याचे कागद काढले.
माझं वळणदार अक्षर.
गुडघा. गुडघा. गुडघा.
मधे विम्याचे तीन फॉर्म, दर वर्षाचा एक,
तळाशी त्याची सही.
पहिली चौकटीबाहेर गेलेली.
दुसरी चौकटीत नीट बसलेली.
तिसरी मुंगीएवढी.
तिन्हींच्या शेजारी माझा शिक्का,
सरळ, ठळक, तारखेसकट.

बाहेर पितळ थांबलं.
मोबाइलवर आलं : भेट संपली का?
मी ठिपका तसाच राहू दिला.
पानभर त्यानं काहीच लिहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते.
कुसुम कळण्याची भाकरी थापत होती.
मी दारात उभा राहून तिचे हात बघितले,
आधी डावा, मग उजवा,
मग दोन्ही एकदम.
"असं काय बघताय?"
"काही नाही. चालू दे."